कोपऱ्यावरची धार

पावसाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते आणि मऊ शिजते. हे मी सांगितलं की माझी सून हसते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहते. तिचं काही चुकत नाही. तिच्या घरात नळ सोडला की पाणी येतं, आणि नाही आलं तर टँकर येतो, मग पाण्याच्या जातीची चौकशी कोण कशाला करेल? पण आमच्या चाळीत पावसाळ्याचे चार महिने डाळ पावसाच्या पाण्यातच शिजायची. गाळून, उकळून आम्ही ते प्यायचोसुद्धा. नळाचं पाणी आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा जीव गेलेला असायचा. दहिसरला नदीच्या अलीकडे आमची बैठी चाळ, पाइपलाइनीच्या अगदी शेपटाला. पाणी यायच्या आधी नळ बराच वेळ खोकायचा, मग करंगळीएवढी धार अर्धा तास, आणि पावसात तीही चहाच्या रंगाची.

चाळ काटकोनात बांधलेली होती, वर मंगलोरी कौलं. पाऊस लागला की प्रत्येक दारासमोर पागोळ्यांखाली भांडी लागायची. पितळी हंडा, जर्मनचा टोप, तुपाचे रिकामे डबे, आणि शेजारच्या खोलीतल्या म्हातारीची चेपलेली बादली. प्रत्येकाचा आवाज वेगळा. मी आत पाटावर बसून पाढे लिहिताना आवाजावरून सांगायची की आमचा हंडा गळ्यापर्यंत आलाय, म्हातारीची बादली अजून अर्धी आहे. चाळीचा एक रिवाज होता. तो कोणी ठरवला, कधी ठरवला कोणास ठाऊक, गावाकडूनच पेटीत घालून आणला असावा. तुझ्या दारातल्या पागोळीखाली भांडं तुझं. पण तुझं भरलं की ते बाजूला सरकवायचं आणि ज्याला हवं त्याला त्याचं लावू द्यायचं. भरल्या भांड्यावरून पाणी वाहू देणं आणि शेजारणीला बघत उभं ठेवणं, हे आमच्याकडे शिवी देण्यासारखं होतं.

काटकोनाच्या कोपऱ्यावर दोन छपरं एकत्र यायची आणि दोन्हीकडचं पाणी तिथल्या खाचेतून मनगटाएवढ्या धारेनं खाली पडायचं. ती खोली बाबलकाकांची. बाबलकाका आणि माझे वडील एकाच गावचे, एकाच एसटीनं मुंबईला आलेले, एकाच दिवशी एकाच मिलमध्ये लागलेले. लग्नं होईपर्यंत दोघांची ट्रंकही एकच होती. काका ठेंगणे, हसरे, जेवताना बोटं चाटणारे. काकींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आमच्या घरात जन्मलेली मी निम्मी त्यांची होते. मी त्यांना काकी म्हणायची आणि अगंतुगं करायची. त्यांच्या आंबोळ्या जाळीदार व्हायच्या, आईच्या व्हायच्या नाहीत, आणि हे आईच आधी बोलून दाखवायची. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार असलं की काकी नुसती दारातून दोनदा टाळी वाजवायच्या आणि मी पळत सुटायची. पावसात मात्र त्या पळीनं टोपावर ठण्‌ठण् वाजवायच्या. म्हणजे कोपऱ्यावरची धार मोकळी आहे, या. "माझ्या दारात पडता म्हणान माझी काय?" असं म्हणायच्या. चाळीतल्या अर्ध्या लोकांची अंघोळ त्या एका धारेवर व्हायची.

मग संप झाला. त्याबद्दल शहाण्या माणसांनी खूप लिहिलंय, मी फक्त आमच्या ओटीवरचं सांगते. पहिलं वर्ष दोघं मित्र रोज संध्याकाळी ओटीवर बसून विडी ओढत उद्याच्या गोष्टी करायचे. त्यानंतर काकींना क्षय निघाला. छातीचा फोटो, सुया, गोळ्या. एका सकाळी बाबलकाका डबा घेऊन निघाले आणि पोलीस बंदोबस्तातल्या गाडीत बसून मिलच्या गेटाच्या आत गेले. बाबांना दुपारी कळलं. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. संध्याकाळी ओटीवर बसले ते भिंतीकडे तोंड करून. काकांची नोकरी राहिली, काकी बऱ्या झाल्या, आणि संपातून शेवटी काहीच हाताला लागलं नाही तेव्हा बाबांना मिलनं परत घेतलं नाही. ते चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका गाळ्यात पत्रा कापायला लागले. मिलमध्ये ते फिटर होते, त्यांच्या हाताखाली चार माणसं होती. गाळ्यात त्यांना सगळे 'ए काका' म्हणायचे.

माणसाचा मान गेला की तो कुठून तरी परत आणायला बघतो, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की बाबा गाळ्यातून पत्र्याच्या उरलेल्या पट्ट्या आणतात आणि रविवारी त्यांना मोगरीनं ठोकून वाकवतात. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. एवढं पाणी आभाळातून येतं आणि गटारात जातं, ते एका पन्हाळीत घेतलं तर? साऱ्या छपराच्या कडेनं त्यांनी पत्र्याची पन्हाळ लावली, कोपऱ्यापासून आमच्या टोकाच्या खोलीपर्यंत हलक्या उतारानं. आमच्या बाजूच्या भिंतीला मोकळी जागा होती, तिथे सगळ्यांनी मिळून विटा-सिमेंटची टाकी बांधली आणि तिला खाली तोटी बसवली. पन्हाळीचा पहिला आकडा कोपऱ्यावर, म्हणजे काकांच्या वाशाला ठोकायचा होता. बाबा शिडी घेऊन त्यांच्या दारात गेले आणि काही न बोलता उभे राहिले. काकांनीही काही न विचारता शिडी धरली. त्या दिवशी काकांनी विटाही वाहिल्या. ते वीट पुढे करायचे, बाबा घ्यायचे. आई दारातून बघत होती. ती मला हळूच म्हणाली, "बोलतील आता."

त्या पावसाळ्यात टाकी भरली आणि चाळ बाबांवर खूश झाली. रोज सकाळी दर खोलीला दोन हंडे. कोणी भिजत भांडी सरकवायला नको, पाऊस दोन दिवस नसला तरी चिंता नको. लोक बाबांना यशवंतराव म्हणायला लागले. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तोटीपाशी उभे राहायचे, कोणाचा हंडा झाला, कोणाचा राहिला बघत. मला तेव्हा अभिमान वाटायचा, तो मी आता नाकारणार नाही. फक्त पागोळ्यांचा आवाज बंद झाला होता. पाऊस पडायचा आणि दारं मुकी असायची. काकी एकदा म्हणाल्या, "झोप येणा नाय गो माका आवाजाशिवाय." मला ते गमतीचं वाटलं.

पुढे मी शाळेत भूगोल शिकवला. जलचक्र शिकवताना फळ्यावर बाण काढायची, समुद्रातून वर, ढगातून खाली, नदीतून परत समुद्राकडे. प्रत्येक वर्षी मला वाटायचं, एक बाण राहिलाय. मध्ये कोणीतरी टाकी बांधतो आणि तोटीपाशी उभा राहतो, तो बाण पुस्तकात नव्हता.

दुसऱ्या पावसाळ्यात चाळीसमोर रस्त्यापलीकडे एक बिल्डिंग उठत होती. तिच्यावर काम करणाऱ्या बायका तिथेच पत्र्याच्या शेडात राहायच्या. त्यांना बांधकामाच्या हौदातलं पाणी, त्यात सिमेंट. एक बाई कडेवर पोर घेऊन काकींच्या दाराशी आली, आणि काकींनी आपल्या दोन हंड्यांतला एक तिला दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. तिसऱ्या दिवशी तीन बायका आल्या. बाबांनी ते पाहिलं आणि संध्याकाळी सगळ्यांना ओटीवर बोलावलं. पाणी चाळीचं आहे, चाळीनं घाम गाळून साठवलंय, ते बाहेर जाणार नाही, असं ते म्हणाले. अर्ध्या माना हलल्या. बाबांची गोष्ट सगळीच खोटी होती असं मी म्हणत नाही. टाकी लहान होती, आणि त्या वर्षी पाऊस मध्ये मध्ये रजा घेत होता.

काकी पदराला हात पुसत पुढे आल्या. "भावजी, टाकी तुम्ही बांधलात. पाऊस कोणी बांधल्यान? आभाळाक कुलूप घालतलात काय?"

कोणीतरी हसलं. हसायला नको होतं. बाबांचा चेहरा बदलला. तेवढ्यात बाबलकाका म्हणाले, "येशवंता, निम्मा पाणी तर आमच्या कोपऱ्यातला येता. माझ्या बायलेन आपल्या वाटणीतला दिल्यान. तुझा नाय."

किती वर्षांनी काका बाबांशी थेट बोलले होते. आणि बाबांनी त्याला जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही. "तू गप रव. पोलिसांच्या गाडीत बसान गेटाच्या भितर गेलस, तेव्हा कोणाची वाटणी बघितलस? ज्यांनी चार लोकांची भाकरी मोडली, त्यांका चार लोकांच्या टाकीतला पाणी नाय."

सगळी चाळ ऐकत होती. काकांनी बायकोकडे एकदा बघितलं. जिच्यासाठी ते त्या गाडीत बसले होते, तीच समोर उभी होती. ते आत गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी तोटीला पत्र्याची पेटी बसवली आणि पेटीला कुलूप. बाबांना पहाटे चारकोपला निघावं लागायचं, म्हणून चावी त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. मी सातवीत होते. आई म्हणाली, "पोरीच्या गळ्यात कसली बेडी घालताय? काढा ती." बाबांनी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ती काढायची नव्हती. मोठमोठ्या बायका हंडा घेऊन माझ्यासमोर रांगेत उभ्या राहायच्या, सुमन, दे गं बाई लवकर, म्हणायच्या. मला ते आवडलं होतं. तीन दिवस फार आवडलं.

चौथ्या दिवशी रांग संपल्यावर काकी आल्या. हातात हंडा नव्हता, लहान कळशी होती. नळ दोन दिवस आलाच नव्हता. त्या हसल्या, नेहमीसारख्या. "चावी दी गो, सुमन. डाळ शिजत घालूची आसा. एकच कळशी."

मी चावी मुठीत धरली. "काकी, बाबांनी नको सांगितलंय."

"कोणाक नको?"

"तुला."

मला वाटलं त्या रागावतील, किंवा माझा कान धरून चावी काढून घेतील, जशा माझ्या हातातून कैरी काढून घ्यायच्या. त्यांनी तसं केलं असतं तर किती बरं झालं असतं. मी मूठ सोडूनच दिली असती. पण त्या म्हणाल्या, "बरा, बाय," आणि रिकामी कळशी कमरेवर घेऊन परत गेल्या. भरलेली असल्यासारखी तिरकं चालत गेल्या, सवयीनं. ती चाल मी आयुष्यात कधीतरी विसरेन असं मला वाटत होतं. पन्नाशी उलटली, अजून विसरले नाही.

त्यांनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी पावसानं झोडपायला सुरुवात केली. आम्ही जेवत होतो आणि कोपऱ्याकडे कौलं करकरली. बाबा उठून बाहेर गेले, मागोमाग मी. बाबलकाका कौलांवर होते, धोतर कासोट्यासारखं खोचून, हातात हातोडी. कोपऱ्यावरचा आकडा वरूनच निघणार होता. त्यांनी तो अर्धा उपटला होता.

"बाबल्या, खाली उतर," बाबा म्हणाले. "कौला ओली आसत."

"माझ्या कौलार पडलला पाणी माझ्या दारात पडांदे," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुझी पन्हाळ तू घे. माका ती नको."

"मी काढतंय. तू उतर, मी काढतंय," बाबा म्हणाले आणि शिडीकडे धावले. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुढे चाळीत काहीही बोललं गेलं असो, बाबा पन्हाळ काढायलाच धावले होते. पण काकांनी तेवढ्यात जोर केला, आकडा निघाला, आणि त्याच झटक्यात त्यांचा पाय शेवाळावरून गेला. दारासमोर कपडे धुवायचा दगड होता. ते त्यावर पाठीवर पडले. वरून पन्हाळीचा तुकडा लोंबत राहिला आणि कोपऱ्यावरची धार, दोन पावसाळ्यांनी, पुन्हा आपल्या जुन्या जागी पडायला लागली. काका त्या धारेतच पडलेले होते. बाबांनी त्यांना उचललं. कोणालाही हात लावू दिला नाही, रिक्षापर्यंत एकट्यानं नेलं.

काका कमरेखाली लुळे पडले ते परत उठले नाहीत. मिल सुटली. काकी लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायला लागल्या. बाबांनी कुलूप तोडून नदीत टाकलं, पन्हाळ उतरवली आणि टाकीला पुन्हा कधी हात लावला नाही. ती रिकामी उभी राहिली, तिच्यात पोरं लपाछपी खेळायची. आणि बाबा रोज चारकोपहून आले की हात-पाय धुऊन थेट कोपऱ्यावरच्या खोलीत जायचे. काकांना कुशीवर वळवायचे, अंग पुसायचे, चादर बदलायचे, दाढी करायचे. बायकांनी करू नयेत अशी कामंही बाबा करायचे. काका सगळं करू द्यायचे. हात वर कर म्हटलं की करायचे, मान वळव म्हटलं की वळवायचे. पण बोलायचे नाहीत. माझ्याशी बोलायचे, काकींशी हसायचे, दारावरून जाणाऱ्या कुत्र्याला हाक मारायचे. बाबांशी एक शब्द नाही. तीन पावसाळे असे गेले.

पहिल्या पावसाळ्यात काकींनी पळीनं टोप वाजवला तेव्हा आई उठली नाही. कोणत्या तोंडानं जायचं? थोड्या वेळानं काकींचा आवाज आला. "सुमन, भांडा हाड गो. वाहून जाता." मी हंडा घेऊन गेले. काकींनी स्वतःचा भरलेला टोप बाजूला सरकवला आणि माझा हंडा धारेखाली लावला. मी रडत होते, पाऊस होता म्हणून दिसलं नाही असं मला वाटलं. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भिजा नको." त्या पाण्याची डाळ आम्ही खाल्ली. बाबा त्या दिवशी ताकभात जेवले, आणि पुढेही पावसाळाभर डाळीकडे वळले नाहीत.

आमच्या आताच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागे गच्चीवरचं पाणी साठवायची गोष्ट निघाली. चांगली गोष्ट आहे, मी बाजूनंच हात वर केला. शेजारच्या विंगचा पाइप आपल्या टाकीत येतो, त्यांना द्यायचं की नाही, यावर मग तासभर वाद झाला. सेक्रेटरी म्हणाले, आपल्या गच्चीवर पडलं ते आपलं. मला दरदरून घाम सुटला. मुलगा म्हणाला, आई, बीपीची गोळी घेतलीस का?

काका गेले ते एका श्रावणातल्या दुपारी, ऊन-पाऊस चालू असताना. सकाळपासून श्वास वेगळा लागला होता. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात घरच्यांनी, शेजाऱ्यांनी एकेक चमचा पाणी घालायचं असतं. काकींनी धारेखालचं पाणी तांब्यात भरून घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं. आधी त्यांनी घातलं. मग मला म्हणाल्या, "ये गो, तू घाल." पहिल्या चमच्यातलं अर्धं उशीवर सांडलं. काकांनी डोळे किलकिले केले, ओठ उघडले आणि गिळलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली झालेली मी पाहिली. मी पुन्हा एक चमचा घातला, तोही गिळला. ज्या पोरीनं त्यांच्या बायकोला रिकाम्या कळशीनं परत पाठवलं, तिच्या हातचं. त्यांनी मला माफ केलं होतं, की दोष कधी दिलाच नव्हता, हे मला विचारता आलं नाही.

मग बाबा पुढे झाले. गुडघ्यावर बसले, काकांच्या मानेखाली हात घातला, जसा रोज घालायचे, आणि चमचा ओठांशी नेला. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ मिटले. बाबांनी चमचा कलंडवला, पाणी ओठांच्या कडेनं हनुवटीवर आणि गळ्यावर ओघळलं. "बाबल्या," ते म्हणाले, "घे रे." ओठ उघडले नाहीत. काकींनी घाईनं पदर पुढे केला आणि गळा पुसत म्हणाल्या, "त्यांका गिळूक जमणा नाय आता, भावजी. सकाळधरना तसाच आसा." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

स्मशानातून बाबा परतले तेव्हा पाऊस थांबला होता. मी त्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन दारात उभी होते. त्यांनी एक पाय पुढे केला आणि तसाच ठेवला.

"सुमन," ते म्हणाले, "तुझ्या हातचा उतरला होता काय गो त्याच्या घशात?"

माझ्या मागे आई उभी होती. कोपऱ्यावरच्या खोलीत काकी एकट्याच बसल्या होत्या, दार उघडं होतं, आणि कौलांवरचं उरलेलं पाणी त्यांच्या टोपात थेंबथेंब पडत होतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "कोणाच्याच हातचं नाही उतरलं."

बाबांनी मान हलवली आणि दुसरा पाय पुढे केला.